पहिलंच जहाज आणि समोर युद्ध: बॅग भरायच्या आधी एवढं करून घ्या

या महिन्यात आमच्या यावल-रावेर पट्ट्यातली तीन पोरं जॉइन होताहेत. दोन डेक कॅडेट आणि एक इंजिनचा, ज्याला जहाजावर सगळे पाचसाब म्हणतात. एकाचं टँकर आहे, गल्फमध्ये लोडिंग. पाचसाबचा बल्क कॅरिअर ब्लॅक सीमध्ये गहू भरायला जाणार. तिसऱ्याला एजंटने अजून जहाजाचं नावसुद्धा सांगितलेलं नाही, "बॅग भरून ठेव" एवढंच. मी सुट्टीवर आहे, केळीचं ठिबक चालू करून बांधावर बसलो होतो तर तिघं गाड्या लावून आले, पेढे दिले, इकडचं तिकडचं झालं आणि मग टँकरवाला हळूच म्हणाला, भाऊ, खरंच मिसाइल आलं तर काय करायचं असतं?

खरं सांगू का, मिसाइल आल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं. जे काय करायचं ते आधी करून ठेवलेलं असावं लागतं. तासभर बोललो त्यांच्याशी आणि घरी आल्यावर वाटलं की धुळे, शिरपूर, शहादा, चाळीसगाव, सगळीकडून पोरं जाताहेत, घरात आधी कोणी समुद्र पाहिलेला नसतो, वडील केळी-कापसातले नाहीतर भुसावळला रेल्वेत, मग ह्यांना सांगणार कोण. म्हणून लिहितोय, जसं आठवेल तसं.

आधी एक. गावात अजून लोकं विचारतात, बंदूक कोणती देतात रे तुला? आपण नेव्हीत नाही भो, मर्चंट नेव्हीत आहोत. सिव्हिलियन. उलट मारायला आपल्याकडे काहीच नसतं. तेव्हा हिरोगिरी डोक्यातून काढा. युद्धाच्या पाण्यात कॅडेटचं काम एकच असतं, मोजणी होईल तेव्हा सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या वेळेत, हातपाय शाबूत हजर असणं. हसू नका. दोन वर्षांपूर्वी रेड सीमधून जाताना आमच्या जहाजावर रात्री अलार्म झाला, सगळे जमलो, मोजणी एकवीस. पाहिजे होते बावीस. कॅडेट नव्हता. बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आणि सुकाणी त्याला शोधायला परत वर गेले, म्हणजे आता धोक्यात एक नाही, तीन माणसं. पठ्ठ्या केबिनमध्ये चार्जिंगला लावलेला मोबाइल घ्यायला गेला होता! त्या रात्री काही झालं नाही, ड्रोन दुसरीकडेच कुठंतरी गेलं, पण बोसनचा चेहरा मला अजून आठवतो. तो कॅडेट पुढचे दोन महिने बोसनच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

आता कागदं. ह्याच्यावर मी जास्त बोलणार कारण पोरं इथंच मार खातात, समुद्रावर नंतर.

ज्या कंपनीने तुम्हाला जहाजावर पाठवायचं कबूल केलंय तिच्याकडे आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरती करायचं सरकारी लायसन्स आहे का हे डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजांच्या सरकारी खात्याच्या, साइटवर स्वतः बघा. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो नाही, स्वतः साइट उघडून नंबर टाकून. जॉब लावून द्यायचे पैसे घेणं कायद्याने बंद आहे, तरी आपल्याकडे लोकं एकरभर जमीन गहाण ठेवून देतात. माझ्याच चुलतभावाने दिले. त्याला सांगितलं व्हिजिट व्हिसावर दुबईला उतर, तिथून आमचा माणूस बोटीवर सोडेल. सोडलं खरं, पण ज्या जहाजावर सोडलं त्याला धड इन्शुरन्स नव्हता आणि पगार चार महिने नाही. युद्ध सुरू झालं की चांगल्या कंपन्या त्या रूटवरून जहाजं काढून घेतात आणि तिथं असली जहाजं घुसतात, त्यांना पोरं पाहिजेच असतात, नवी, काही न विचारणारी. व्हिजिट व्हिसा हा शब्द ऐकला की उठून यायचं. चहा पण प्यायचा नाही.

काँट्रॅक्ट सही करायच्या आधी वाचा, इंग्रजी अवघड वाटली तर दोन दिवस मागून घ्या, पण वाचा. फ्लॅग कोणता, म्हणजे जहाज कोणत्या देशात नोंदलंय, पी अँड आय इन्शुरन्स (मालकावर येणाऱ्या भरपाईचा विमा) कोणाचा, मेल्यावर किंवा अपंगत्व आल्यावर किती मिळणार आणि कोणाला, नॉमिनी कोण. आईचं नाव लिहिताना वाईट वाटतं, मला पण वाटलेलं, लिहा तरी.

आणि हे शंभरातल्या नव्वद कॅडेटना माहीत नसतं: युद्धाच्या भागात जायला तुम्ही नाही म्हणू शकता. युनियन आणि मालक मिळून एक यादी करतात, आयबीएफची, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटीच्या मंचाची. त्यात जो भाग वॉरलाइक ऑपरेशन्स एरिया म्हणून टाकलेला असतो तिथं, तुमचं काँट्रॅक्ट त्या करारातलं असेल तर, जायला नकार देता येतो, कंपनीने स्वतःच्या खर्चाने घरी पाठवायचं, वर दोन महिन्यांचा बेसिक पगार द्यायचा. गेलात तर तेवढ्या दिवसांचा बेसिकएवढा बोनस, कमीत कमी पाच दिवसांचा, आणि मृत्यू-अपंगत्वाची भरपाई दुप्पट. लंडनची जॉइंट वॉर कमिटी वेगळी यादी काढते ती इन्शुरन्सच्या प्रीमियमसाठी, त्या यादीत नाव आलं म्हणून तुम्हाला बोनस मिळतोच असं नाही, दोन्ही यादी वेगळ्या, घोळ करू नका. तुमच्या काँट्रॅक्टमध्ये कोणता करार लागू आहे ते एचआरला मेलवर विचारा. फोनवर नाही, मेलवर.

नाही म्हणायचं की नाही हे मी कोणाला सांगत नाही. एक बातम्या बघून नको म्हणाला, त्याला मी घाबरट म्हटलं नाही, दुसरा गेला त्याला शूर पण म्हटलं नाही. पण म्हणायचं असेल तर बंदरात म्हणा, वेळेवर म्हणा. जहाज बाब-अल-मंदेबच्या, म्हणजे रेड सीच्या दक्षिणेकडच्या अरुंद सामुद्रधुनीच्या, तोंडाशी आल्यावर कॅप्टनला सांगितलं तर तो बिचारा तुम्हाला उतरवणार कुठं?

बरं, जहाजावर पोहोचलात. सगळे तुम्हाला पळवतील, हे आण ते रंगव, झोप होणार नाही. तरी पहिल्या तीन दिवसांत एक काम चोरून करा. केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत (अलार्म झाला की जमायची जागा), मग लाइफबोटीपर्यंत, मग ब्रिजपर्यंत (जिथून जहाज चालवतात), डोळे मिटून चाला. हात भिंतीवर, पायऱ्या मोजत. दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी. लोकं हसतील, हसू द्या. स्फोट झाला की पहिल्यांदा लाइट जातात आणि अलीवे, म्हणजे केबिनमधला बोळ, धुराने भरतो, तेव्हा तुमच्या डोळ्यांचा उपयोग शून्य. आपण लहानपणी लोडशेडिंगमध्ये घरात चालायचो ना, माठ कुठं, ओटा कुठं, चौकट कुठं, सगळं पायाला माहीत, तसं जहाज पायाला माहीत झालं पाहिजे. पाचसाबसाठी तर दुप्पट, इंजिन रूमच्या सगळ्यात खालच्या प्लॅटफॉर्मवरून एस्केप ट्रंकने (सुटकेच्या उभ्या शिडीच्या वाटेने) वर यायचं, डोळे मिटून, आणि ईईबीडी, म्हणजे धुरातून पळायला श्वासाची हवा देणारा मास्क, कुठं कुठं टांगलेत ते पाठ. ते दहा मिनिटांचं असतं आणि फक्त पळायला असतं, ते घालून आग विझवायला जायचं नाही.

केबिनच्या दाराजवळ एक छोटी बॅग: लाइफजॅकेट जवळ, टॉर्च, बूट, फुल बाह्यांचा कॉटन बॉयलर सूट, पाण्याची बाटली, पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) प्लास्टिकमध्ये, रोजची औषधं. झोपताना शॉर्टवर झोपा हरकत नाही पण बॉयलर सूट आणि बूट हाताशी. पॉलिस्टरची जर्सी घालून फिरू नका, ती आगीत अंगाला चिकटते.

आता एक गोष्ट जी ट्रेनिंगमध्ये एका तासात उरकतात. सिटाडेल आणि सेफ मस्टर पॉइंट, हे एक नाही. सिटाडेल म्हणजे चाचे जहाजावर चढले तर आत कोंडून घ्यायची जागा. त्याचा उपयोग होतो, जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाजवळ लीला नॉरफोकवर लोकं चढली तेव्हा क्रू आत बसून राहिला आणि आयएनएस चेन्नईवरून आपले मार्कोस, म्हणजे नेव्हीचे कमांडो, आले, २१ जण सुखरूप, त्यातले १५ भारतीय. पण बऱ्याच जहाजांवर सिटाडेल असतं खाली, इंजिन रूमकडे. आणि ड्रोन बोट येऊन धडकते ती पाण्याच्या रेषेला. जून २०२४ मध्ये ट्यूटर नावाच्या बल्क कॅरिअरला मागून तशीच बोट धडकली, इंजिन रूममध्ये पाणी भरलं, तिथं असलेला फिलिपिनो माणूस गेला आणि आठवड्याभरात जहाज बुडालं. म्हणून मिसाइल-ड्रोनसाठी सेफ मस्टर पॉइंट वेगळा ठरवतात, पाण्याच्या रेषेच्या वर, मध्यभागी, जितक्या जास्त भिंती मध्ये येतील तितकं बरं, काचेपासून लांब. तुमच्या जहाजावर कोणत्या अलार्मला कुठं जायचं हे थर्ड मेटला (मेट म्हणजे डेकचा ऑफिसर) विचारा. तो वैतागेल. परत विचारा. दोन अलार्मची गल्लत केली तर माणूस चुकीच्या जागी जाऊन बसतो आणि मोजणीत पुन्हा एक कमी.

ही मोजणी मी उगाच ताणत नाहीये. जुलै २०२५ मध्ये येमेनच्या हूथींनी रेड सीत दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन जहाजं बुडवली. मॅजिक सीजवरचे सगळे २२ जण बोटीत उतरले आणि दुसऱ्या जहाजाने उचलले. इटर्निटी सीवर तसं झालं नाही, काही गेले, काही पकडले गेले, काही कित्येक तास पाण्यात होते. त्यांनी काही चुकवलं असं मी म्हणत नाही, त्यांच्यावर हल्लेच होत राहिले. पण ज्या जहाजाला वेळ मिळतो तो वेळ मोजणी जुळवण्यात घालवायचा की बोट उतरवण्यात, हे तुमच्यासारख्या एका पोरावर ठरू शकतं.

लुकआउट. डेक कॅडेटला ब्रिजवर जास्तीचे डोळे म्हणून उभं करतात आणि हेच काम तुम्ही खरं करू शकता. मक्यात रानडुकराची राखण कोणी केलीय? ज्याने केलीय त्याला माहीत असेल, बॅटरी मारली की डोळे गेले, परत अंधार दिसायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो. तसंच इथं. ब्रिजवर यायच्या आधी मोबाइल बघायचा नाही. एका जागी टक लावायची नाही, क्षितिजाचे तुकडे पाडून सावकाश डोळे फिरवायचे. वाटलं काही तर सांगायचं, "सर मला वाटतं तिकडं..." एवढं पुरे, मासेमारीची होडी निघाली तर निघू दे. शंभर वेळा होडीच निघते. ब्लॅक सीवाल्यासाठी जास्तीचं: तिथं मार्च २०२२ पासून सुटलेले माइन, म्हणजे पाण्यातले सुरुंग, तरंगताना सापडलेत, टर्कीच्या किनाऱ्यापर्यंत. दिवसा नजर पुढच्या पाण्यावर, आणि फॉरवर्डला, बो वर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, काम नसताना कोणी रेंगाळायचं नाही. तिथली थंडी पण वेगळीच, आपण पंचेचाळीस डिग्रीतली माणसं, इमर्शन सूट (थंड पाण्यात जीव वाचवणारा अंगभर सूट) दोन मिनिटांत घालायची सवय करा. नियमात पण दोनच मिनिटं आहेत.

गल्फवाल्यासाठी होर्मुझ, गल्फमध्ये शिरायची सामुद्रधुनी. सगळ्यात अरुंद जागी साधारण ३३ किलोमीटर, म्हणजे जळगाव-भुसावळच्या अंतरापेक्षा थोडंच जास्त, आणि त्यात जायची लेन दोन मैलांची, यायची दोन मैलांची. आपली केळी पण इथूनच जातात बरं का, २०२१ मध्ये तांदलवाडीची जीआयवाली केळी दुबईला गेली ती ह्याच दारातून. तिथं हल्ल्याआधी जीपीएस जातो. ईसीडीआयएसवर, म्हणजे स्क्रीनवरच्या नकाशावर, जहाज एकदम विमानतळावर उभं दिसायला लागतं, आजूबाजूच्या जहाजांची एआयएसची चिन्हं (प्रत्येक जहाज आपली जागा सांगतं ती) जमिनीवर गोल फिरतात, बघायला मजा वाटते, पण मे २०२५ मध्ये जेद्दाजवळ एमएससी अँटोनिया हे मोठं कंटेनर जहाज रुतलं त्यामागं जॅमिंगच होतं असं मानतात. तेव्हा रडार रेंज, व्हिज्युअल बेअरिंग, इको साउंडर, पॅरलल इंडेक्सिंग, सगळं चांगल्या दिवशी करून बघा, प्रत्येक वॉचला एक तरी पोझिशन जीपीएसशिवाय काढा. आणि एक बारीक गोष्ट जी बरेच विसरतात, डीएससी (मदत मागायचा रेडिओ) आणि सॅटकॉमला (सॅटेलाइटवरचा संपर्क) पोझिशन जीपीएसमधूनच जाते, मग डिस्ट्रेसचं बटण दाबलं तर चुकीची जागा जाईल. ती हाताने टाकायला सेकंड मेटकडून शिकून ठेवा. सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढायचं यंत्र) काढलं की जुने कॅप्टन खुश होतात, टार बुकवर, म्हणजे कॅडेटच्या ट्रेनिंगच्या वहीवर, सही पण पटकन मिळते, हा वेगळा फायदा.

लागलंच जहाजाला, तर आग. जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात मार्लिन लुआंडाला मिसाइल लागलं, नॅफ्था भरलेलं टँकर, २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. क्रूने स्वतः आग धरून ठेवली, मग आयएनएस विशाखापट्टणमची दहा जणांची टीम आली आणि सगळ्यांनी मिळून विझवली, माणूस एकही गेला नाही. कॅडेटने ह्यात काय केलं असेल? होज ओढला असेल, बाजूची भिंत गार ठेवली असेल, आग विझवणाऱ्यांच्या श्वासाच्या हवेच्या रिकाम्या बाटल्या नेऊन भरलेल्या आणल्या असतील. तेवढंच काम असतं आणि तेच लागतं. आपल्याकडे जिनिंगवर बघितलं असेल, कापसाची गाठ वरून विझली दिसते आणि आत धुमसत राहते, रात्री परत पेटते. जहाजाची आग तशीच, विझली म्हणाले तरी तासन् तास पहारा ठेवायचा. (१४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन फुटलं त्यात पण कापूस आणि दारूगोळा एकत्र होता, ६६ अग्निशमनवाले गेले, दरवर्षी तो अग्निशमन सप्ताह त्याचाच.) डेकवर ड्रोनचा तुकडा पडलेला दिसला तर हात लावायचा नाही, आठवण म्हणून खिशात घालायचा नाही, जवळ उभं राहून वॉकीटॉकी किंवा मोबाइल वापरायचा नाही. लांबून दाखवायचं आणि मागं यायचं.

जहाज सोडायचा निर्णय तुमचा नाही, कॅप्टनचा. पाण्यात उडी मारणं हा शेवटचाही शेवट. बोटीत बसलात की उलटी व्हायच्या आधी सीसिकनेसची गोळी, लगेच, कारण उलटीत शरीरातलं पाणी जातं आणि बोटीत माणशी पाणी तीन लिटरच असतं, राफ्टमध्ये दीड. पहिला दिवस धडधाकट माणसाला पाणी देत नाहीत. समुद्राचं पाणी चुकूनही नाही. १९४२ मध्ये टॉर्पेडो लागून बुडालेल्या बेनलोमंड जहाजाचा चिनी स्टुअर्ड पून लिम एकटा राफ्टवर १३३ दिवस जगला, पावसाचं पाणी साठवून आणि मासे धरून. त्याला पोहता पण नीट येत नव्हतं म्हणे. आपल्या पोरांना तापीत-विहिरीत पोहता येतं म्हणून माज असतो ना, तो घरी ठेवून या, तिथं पोहण्यापेक्षा बसून राहता येणं महत्त्वाचं.

मोबाइल. हल्ली जहाजावर स्टारलिंक असतं, स्टेटस टाकायचा मोह होतो. जहाजाचं नाव, पुढचं बंदर, कधी पोहोचणार, कार्गो काय, डेकवरचा फोटो, यातलं काही टाकायचं नाही, फॅमिली ग्रुपवर पण नाही, कारण फॅमिली ग्रुपवरून मामाच्या ग्रुपवर आणि तिथून कुठं जातं देव जाणे. धोक्याचा भाग यायच्या आधी घरी सांगून ठेवायचं, चार-पाच दिवस फोन लागणार नाही, टीव्हीवर काहीही दाखवलं तरी कंपनीच्या ह्या नंबरवर विचारा. नंबर कागदावर लिहून देवघराजवळ चिकटवा, मोबाइलमध्ये नाही, ऐन वेळी आईला तो सापडत नाही. खोटं नका बोलू. मी पहिल्यांदा आईला सांगितलं होतं की मी सिंगापूरकडे आहे, आणि शेजारच्या नानांनी ॲपवर जहाज शोधून तिला रेड सीत दाखवलं. ती दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून आमचं ठरलंय, जायच्या आधी खरं सांगायचं आणि बाहेर पडलो की एकच मेसेज, "माय, मी बरा शे." त्याच्याहून जास्त तिला काही नको असतं.

आणि भीती वाटणारच. रात्री झोप लागत नसेल, हात थरथरत असतील तर मेटला सांगा, लपवू नका, न झोपलेला लुकआउट कोणाच्या कामाचा नाही. दारू तर नाहीच. जहाजावर एखादा सारंग (बोसनलाच म्हणतात) असतो जुना, त्याच्याजवळ चहा घेऊन बसा, फार बोलत नाहीत ते लोकं पण बरं वाटतं. डब्यात बिबडे, उडदाचे पापड, शेंगदाण्याची चटणी न्या. फिलिपिनो कुकच्या हातचं महिनाभर खाल्ल्यावर कळेल का सांगतोय.

टँकरवाला परवा रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला. पाचसाबचा व्हिसा यायचाय. तिसऱ्याचा, ज्याला जहाजाचं नाव माहीत नव्हतं त्याचा, काल फोन आला, खुश होता, भाऊ जहाज मिळालं, सोमवारी दुबईला निघायचंय. मी विचारलं, आरपीएसएल नंबर टाकून बघितला का साइटवर? म्हणे बघतो ना, उद्या बघतो. म्हटलं उद्या नाही, आत्ता उघड, मी फोन धरून बसलोय.